हवेचा दाब ७६०, रक्ताचा १३२: मग रक्तवाहिन्या चपट्या कशा होत नाहीत?

गुळांबा
लेक आठवीत आहे. 'बल व दाब' नुकतंच शिकवून झालं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका, हे तिला पाठ आहे. परवा आजोबांचं बीपी घरच्या यंत्रावर घेतलं तर १३२/८४ आलं. यंत्रावर बारीक अक्षरांत एकक लिहिलेलं असतं, मिलिमीटर पारा. ते तिने वाचलं आणि म्हणाली, "आई, हवा बाहेरून ७६० ने दाबतेय आणि आतून रक्त फक्त १३२ ने. मग आजोबांच्या नळ्या चपट्या व्हायला हव्यात ना?"

मी कॉमर्सवाली. तिच्या बाबांनी "शरीर ते अ‍ॅडजस्ट करतं" म्हणून वेळ मारून नेली. क्लासच्या सरांनी सांगितलं, परीक्षेला येणार नाही. तिचं नेमकं कुठे अडतंय, ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि रक्ताचा दाब पाऱ्यात मोजायचा हे कुणाच्या डोक्यातून आलं? घरी करून दाखवता येण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.

वरणभात
"परीक्षेला येणार नाही" हे शिक्षणखात्याने ब्रीदवाक्य करून टाकावं. प्रश्न कडक आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लंबक
लेकीला माझ्याकडून पेढा द्या. तिची वजाबाकी चोख आहे. दोन्ही आकड्यांचं शून्य वेगवेगळ्या ठिकाणी आहे, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नाही.

७६० हा आकडा निर्वात पोकळीपासून मोजलेला. बीपीचा १३२ हवेच्या दाबापासून पुढे मोजलेला. म्हणजे आजोबांच्या धमनीत प्रत्यक्ष दाब ७६० अधिक १३२, एकूण ८९२. बाहेरून ७६० आणि आतून ८९२ असताना चपटं कशाला होईल?

सायकलवाल्याकडे पंक्चर ट्यूबला गेज लावून बघा. काटा शून्यावर असतो. आत हवा नसते का? असते की, बाहेर असते तेवढ्याच दाबाची. गेज फक्त वरकड दाब दाखवतं. बीपीचं यंत्र त्याच जातीचं.

चकवा
अर्धं पटलं. हृदय १३२ चाच जोर लावतंय म्हणता, मग आतले ७६० कुणी भरले? आणि खरा आकडा ८९२ असेल तर डॉक्टर तो का लिहीत नाहीत? ७६० मधल्या मध्ये जातात कुठे?

लंबक
भरले हवेनेच. शरीर म्हणजे पत्र्याचा बंद डबा नव्हे. कातडी, मांस, चरबी सगळं मऊ आणि बरंचसं पाणीच. हवा कातडीला जेवढी रेटते तेवढा दाब आत सगळीकडे पोचतो, रक्तापर्यंतसुद्धा. पास्कलचा नियम, आठवीच्याच पुढेमागे येतो. ७६० आतही आहेत आणि बाहेरही, म्हणून हिशेबातून जातात. यजमानांचं 'शरीर अ‍ॅडजस्ट करतं' त्यामुळे नापास. शरीर यात काही म्हणजे काही करत नाही.

डॉक्टर ८९२ का लिहीत नाहीत, तर रक्त पुढे ढकलायला कामाचा असतो तो फरक. एकूण आकडा लिहायला लागले तर पावसाळी हवा आली म्हणून बीपी उतरलं आणि ऊन पडलं म्हणून चढलं, असला गोंधळ होईल.

वरणभात
यजमानांना धाग्याची लिंक पाठवा :-)

घाटमाथा
लंबक, मग महाबळेश्वरचं काय? उंची साडेतेराशे मीटरच्या घरात, हवेचा दाब साडेसहाशेच्या आसपास. तुमच्या हिशेबाने बीपी पुण्यात जेवढं तेवढंच तिथेही यायला हवं. आमच्या सासऱ्यांचं दर वेळी उतरतं. यंत्र तेच, गोळी तीच.

स्टेथोवाली
सासरे करतात काय?

घाटमाथा
निवृत्त आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी.

स्टेथोवाली
मिळालं उत्तर.

गंमत बाजूला. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आत-बाहेर. म्हणजे अडीचशे मिलिमीटर कमी. बीपी हवेबरोबर उतरत असतं तर विमानातून उतरलेला एकही प्रवासी सामान घ्यायला उभा राहिला नसता. प्रत्यक्षात पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजन कमी पडल्याने बीपी थोडं चढतंच. बीपीच्या पेशंटनी तिकडे जाण्याआधी आपल्या डॉक्टरशी बोलून घ्यावं.

जुना_कारागीर
वाचनमात्र असतो, आज लिहितो. नोकरीभर रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त केली. पाऱ्याची बीपी यंत्रं म्हणजे रोजचं काम. लंबक जे म्हणतात ते यंत्र खोललं की नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

शाळेतल्या वायुदाबमापीची नळी वरून बंद असते आणि पाऱ्याच्या वर पोकळी असते. बीपी यंत्राची काचनळी वरून बंद वाटते, पण नसते. वरच्या टोपणाखाली चामड्याची एक चकती बसवलेली असते. ती पारा अडवते, हवा मात्र येऊ-जाऊ देते. म्हणजे पाऱ्याच्या डोक्यावर कायम खोलीतली हवा. पट्टा रिकामा असतो तेव्हा खालच्या कुपीवरही तीच हवा. दोन्हीकडून सारखं दाबलं गेल्यामुळे पारा शून्यावर थांबतो. चकवा यांनी विचारलंय ना, ७६० जातात कुठे? त्या चकतीतून जातात.

ही चकती धुळीने आणि पाऱ्याच्या काळ्या मळाने चोंदते. मग वरून हवा पटकन आत येत नाही आणि पारा उतरायला आळस करतो. पट्ट्यातला दाब खाली आलेला असतो, नळीतला पारा अजून वर रेंगाळत असतो. डॉक्टरांना आवाज ऐकू येतो त्या क्षणी पारा मघाचाच आकडा दाखवत असतो. वॉर्डातून तक्रार यायची, "यंत्र सगळ्यांचंच जास्त दाखवतंय." मी आधी टोपण उघडायचो. चकती बदलायची, नळी पुसायची, पारा गाळायचा. गाळायला कागदाचा शंकू करून टोकाला टाचणीने भोक पाडायचं. पारा बारीक धारेने खाली उतरतो आणि मळ कागदाला चिकटून राहतो.

घरी कुणी असलं काही करू नका. पाऱ्याची वाफ वाईट. आमच्या वेळी हातमोजेसुद्धा नसायचे.

लंबक
दंडवत घ्या. ती चकती मला माहीत नव्हती. गुळांबा, लेकीला हीच पोस्ट वाचून दाखवा, माझ्या पोस्टी सोडल्या तरी चालतील.

गुळांबा
वाचून दाखवली. तिचा पुढचा प्रश्न: पाराच का, पाणी का नको? पाणी विषारी नसतं.

जुना_कारागीर
पारा पाण्याच्या १३.६ पट जड. बीपी मोजायला २०० मिलिमीटरपर्यंत तरी जावं लागतं. पाणी वापरलं तर तेवढ्याच दाबाला नळी लागेल २ मीटर ७२ सेंटीमीटर. दवाखान्यात डॉक्टर खाली आणि आकडा वाचायला कंपाउंडर शिडीवर.

वरणभात
"वरून सांग रे पंढरी, किती आलं?"

दूरदेशी
पाऱ्याचे दिवस आता भरले. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी यंत्रं बनवणं २०२० पासून थांबवायचं असं त्यात ठरलं. मिनामाता हे जपानमधलं गाव. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला.

यंत्रातून पारा गेला, एकक मात्र जायला तयार नाही. शाळेत दाब पास्कलमध्ये शिकवतात, १२० मिमी म्हणजे १६ किलोपास्कल. पण इकडे अमेरिकेतसुद्धा डॉक्टरला "माझं बीपी सोळा" सांगितलं तर ते माझ्या मेंदूची तपासणी करतील.

निवृत्तमास्तर
उशिरा आलो. मुलीचं कौतुक. माझी जुनी तक्रार पुन्हा मांडतो. दाब भौतिकशास्त्राच्या पाठात, रक्तदाब जीवशास्त्राच्या पाठात, आणि या दोघांची आयुष्यभर गाठ पडत नाही. मुलं एकीकडे बल भागिले क्षेत्रफळ लिहितात, दुसरीकडे १२०/८० लिहितात. हा दाब तोच आहे असं त्यांना वाटतच नाही. १२०/८० हा अपूर्णांक आहे समजून त्याला संक्षिप्त रूप देणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. ३/२.

आता "कुणाच्या डोक्यातून आलं" याबद्दल. इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचा पाद्री होता. त्याने एका घोडीला आडवं बांधलं, मांडीच्या धमनीत पितळेची बारीक नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी जोडली. रक्त नळीत आठ फुटांच्या वर चढलं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर होत राहिलं. हे त्याने १७३३ मध्ये छापलं. घोडीचं काय झालं ते वर्गात सांगू नये. रक्त पाण्यापेक्षा थोडंच जड, म्हणून नळी एवढी लांब लागली. १८२८ मध्ये फ्रान्समध्ये प्वाझ्यने पारा भरलेली वाकडी नळी वापरली आणि काम टेबलावर मावायला लागलं. धमनी न कापता दाब मोजणारा दंडाचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोचीचा, १८९६. तो मनगटाची नाडी बोटाने चाचपायचा. पट्टा आवळला की नाडी बंद, सैल केला की परत लागते. या पद्धतीत फक्त वरचा आकडा मिळतो. खालचा आकडा १९०५ नंतरचा. रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकायला सुरुवात केली तेव्हापासून.

चकवा
ऐकतात म्हणजे नेमकं काय ऐकतात? हृदयाचे ठोके?

स्टेथोवाली
नाही, आणि हा गैरसमज पुष्कळ जणांचा आहे. धमनीतून रक्त नीट वाहत असेल तर कोपरावर स्टेथोस्कोप ठेवून काहीच ऐकू येत नाही. पट्टा इतका फुगवायचा की धमनी पूर्ण बंद झाली पाहिजे. अजूनही शांतताच. मग हवा हळूहळू सोडायची. हृदय आकुंचन पावतं त्या क्षणी आतला दाब पट्ट्याच्या दाबावर मात करतो, धमनी क्षणभर उघडते, रक्ताची चिळकांडी जाते आणि ती लगेच मिटते. त्याचा टक् असा आवाज येतो. पहिला टक् म्हणजे वरचा आकडा. पट्टा आणखी सैल होत गेला की एका टप्प्याला धमनी मिटायचीच थांबते, आवाज बंद. तो खालचा.

म्हणजे मुलीला पडलेला प्रश्न, बाहेरचा दाब जास्त झाला तर नळी चपटी होईल का, हेच बीपी मोजण्याचं तंत्र आहे. आपण मुद्दाम चपटी करतो. १३२ च्या वर गेलो की होते.

घरच्या यंत्राला कान नसतात. पट्ट्यातला दाब ठोक्यागणिक किंचित थरथरतो, ती थरथर ते मोजतं आणि तिच्यावरून दोन्ही आकड्यांचा हिशेब करतं. म्हणून मोजताना हात हलवायचा नाही, बोलायचं नाही.

खारीमिरची
न बोलता? आमच्या आईचं बीपी कधीच मोजता येणार नाही मग.

निवृत्तमास्तर
घरी करण्यासारखं. यंत्रही नको.

हात खाली लोंबकळत सोडायचा. थोड्या वेळात पंजाच्या पाठीवरच्या निळसर शिरा टम्म फुगतात. मग हात सरळ ठेवून सावकाश वर न्यायचा, डोळे शिरांवर. साधारण छातीच्या पातळीला आल्या की त्या बसायला लागतात आणि थोडं वर गेलं की पार सपाट. मुलीला म्हणावं, तुला चपट्या झालेल्या रक्तवाहिन्या बघायच्या होत्या ना, या बघ. हृदयाकडे परत येणाऱ्या रक्तात दाब जेमतेम उरलेला असतो. हात हृदयाच्या वर गेला की उंचीमुळे तोही संपतो आणि बाहेरची हवा नीला मिटवून टाकते. धमनी मिटत नाही, तिच्यात शिल्लक भरपूर.

दुसरा प्रयोग विल्यम हार्वेचा, १६२८ चा. दंडावर रुमाल बेताने बांधा, फार घट्ट नको. हाताच्या पुढच्या भागावर एखादी ठसठशीत शीर निवडा. तिच्यावर मधेमधे गाठीसारखे उंचवटे दिसतात, त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, पुढच्या झडपेच्या पलीकडे सारा. मधला तुकडा रिकामा होतो आणि रिकामाच राहतो, वरचं रक्त उलटं खाली येत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरतो. रक्त एकाच दिशेने जातं हे हार्वेने असं दाखवलं. सडपातळ, कष्टाचे हात असलेल्या माणसावर चांगलं दिसतं. माझ्यावर दिसायचं, मुख्याध्यापकांवर नाही.

रात्रपाळी
वर्षानुवर्षं वॉर्डात काम करतेय, मास्तरांचं उंचीचं प्रकरण रोज बघते. सलाईन लावलेला पेशंट बाथरूमला निघतो, नातेवाईक बाटली हातात घेऊन मागे. चालता चालता नातेवाईकाचा हात अवघडतो, बाटली कमरेला येते आणि नळीत लाल रक्त उलटं चढतं. मग आरडाओरडा, "सिस्टर, रक्त येतंय!" काही झालेलं नसतं. बाटली वर धरली की परत जातं. फार वेळ तसंच राहिलं तर मात्र सुईत रक्त गोठून ती बंद पडते आणि मग नवी टोचावी लागते, म्हणून ओरडतो आम्ही.

सलाईनला पंप नसतो, असते फक्त उंची. शिरेतला दाब थोडाच, त्यामुळे बाटली हातापासून मीटरभर वर टांगली की पुरतं. हाच प्रकार धमनीत करायचा म्हटलं तर बाटली दीड-पावणेदोन मीटर वर टांगूनही जेमतेम बरोबरी.

आणि प्लास्टिकच्या बाटलीला आम्ही वरून सुई टोचतो ती कशाला, विचारा लेकीला. पाणी खाली जातं तशी आत पोकळी तयार होते, हवा शिरली नाही तर बाटली आकसते आणि थेंब मंदावतात. इथे आहे तिच्या ७६० चं काम.

लंबक
रात्रपाळी यांचा आकडा बरोबर आहे. १२० गुणिले १३.६, म्हणजे पाण्याची १ मीटर ६३ सेंटीमीटर उंची. वाचनखूण साठवली.

हेच गणित शरीरातल्या शरीरात करा. दर १० सेंटीमीटर उंचीला साधारण ८ मिमीचा फरक. उभ्या माणसाचा घोटा हृदयाच्या १२० सेंटीमीटर खाली धरला तर तिथल्या धमनीत दोनशेच्या वर बीपी. बीपीचा आकडा हृदयाच्या पातळीचा असतो म्हणून कुणी घाबरत नाही. जिराफाचं डोकं हृदयाच्या दोनेक मीटर वर. निव्वळ तिथवर रक्त चढवायलाच दीडशेच्या वर खर्च, म्हणून त्याचं बीपी आपल्या दुपटीच्या घरात असतं. त्याच्यासाठी तेच नॉर्मल.

खारीमिरची
शीर्षासनात मग डोक्याचं काय होत असेल? आमचे एक काका रोज करतात आणि सगळ्यांना करायला लावतात.

स्टेथोवाली
डोक्यातला दाब वाढतो. डोळ्याच्या आतला दाब शीर्षासनात जवळपास दुप्पट होतो, हे मोजलेलं आहे. काचबिंदू असलेल्यांनी आणि बीपी ताब्यात नसलेल्यांनी काकांना लांबून नमस्कार करावा.

चकवा
आणि १५ ऑगस्टला ग्राउंडवर उभं राहून पोरं पडतात ते? आमच्या शाळेत दर वर्षी एक तरी.

स्टेथोवाली
पायातलं रक्त वर चढवायला हृदयाचा रेटा पुरत नाही, पोटऱ्यांचे स्नायू पिळून ते वर ढकलतात आणि मास्तरांनी सांगितलेल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. 'सावधान'मध्ये स्नायू गप्प. वरून ऊन, पोटात नाश्ता नाही. रक्त पायांत साठतं, डोक्याला कमी पडतं, पोरगं आडवं. आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीला येतात आणि लगेच शुद्धही येते. त्यामुळे पडलेल्याला उचलून खुर्चीत बसवण्याची घाई करू नका. झोपू दे, पाय थोडे वर घ्या. उभं राहताना बुटात बोटं हलवत राहायची, टाचा किंचित उचलायच्या. पीटीच्या सरांना दिसत नाही.

वर्षानुवर्षं उभ्याने काम करणाऱ्यांचं, म्हणजे न्हावी, कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस आणि मास्तर यांचं दुखणं याच घरातलं. झडपा दमल्या की शिरा वेड्यावाकड्या फुगतात.

निवृत्तमास्तर
माझ्या डाव्या पायाने सहमती दर्शवली आहे.

खारीमिरची
थोडा विरोधी सूर. एवढं मोजमाप कशाला? आमच्या आजीने जन्मात बीपी मोजलं नाही, नव्वदी गाठली. आता घरोघरी यंत्र, सकाळ-संध्याकाळ आकडे, आकडा बघूनच वाढतं ते.

स्टेथोवाली
आजीने मोजलं नाही, म्हणजे तिला नव्हतं असं होत नाही. पण ज्यांची नव्वदी झाली नाही त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही, त्यामुळे अशा आज्याच धाग्यांवर भेटतात. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. "मला चक्कर येते तेव्हाच कळतं" हे रोज ऐकते. चक्कर नसलेलं १७० मी कितीतरी पाहिलंय.

आकडा बघून वाढतं हे मात्र खरं. दवाखान्यात तर हमखास वाढतं, म्हणून घरी मोजलेलं बरं. पण मोजायचं कसं? पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, तळपाय जमिनीला, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. लघवी तुंबवून ठेवू नका, आधीचा अर्धा तास चहा-सिगारेट नको. दंड जाड असेल तर पट्टा मोठा घ्या, लहान पट्टा खोटा वाढीव आकडा देतो. हाताच्या जागेवर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ४ ने आणि बाजूला लोंबवला तर साडेसहाने जास्त आला. एवढ्या फरकावर गोळी चालू होऊ शकते.

मिठाबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाभर. भाजीत मीठ बेताचं घालून वर पापड, लोणचं, फरसाण चालू ठेवलं तर उपयोग शून्य.

घाटमाथा
सासऱ्यांचा आकडा नॉर्मल आला की ते गोळी बंद करतात. "आता बरं झालं" म्हणे.

स्टेथोवाली
गोळी घेतली म्हणून नॉर्मल आलं. त्यांना विचारा, सोसायटीत पाणी व्यवस्थित येतंय म्हणून पंपाची वीज तोडतात का? बंद करायची की नाही ते त्यांच्या डॉक्टरना ठरवू द्या.

गुळांबा
सगळ्यांचे आभार. रविवारी घरात प्रयोगशाळा भरली. शिरांचा प्रयोग आजोबांच्या हातावर सुरेख दिसला, माझ्यावर अजिबात नाही. यंत्राचा प्रयोग बाबांवर. हात टेबलावर असताना १२४, सरळ वर धरला तर १०३. लोंबवला तेव्हा १२९. लेकीची तक्रार अशी की वर नेल्यावर २१ ने कमी झालं, मग खाली नेल्यावर ५ नेच का वाढलं?

लंबक
कारण बघायचं ते पट्टा किती हलला हे, हात किती हलला हे नव्हे. दंड लोंबवला तरी पट्टा हृदयाच्या जेमतेम सात-आठ सेंटीमीटर खाली जातो. वर धरला की पंचवीसेक सेंटीमीटर वर. ८ च्या पाढ्यात बसवून बघायला सांगा. मनगटावरचं यंत्र असेल तर हात लोंबवल्यावर तीसेकने वाढलेलं दिसेल. म्हणूनच ते यंत्र छातीशी धरायला सांगतात.

वरणभात
माझाही एक आठवीतला प्रश्न. तारकर्लीला स्कुबा केलं तेव्हा कान भयंकर दुखले. तिथे पाण्याचा दाब वरून आणखी. मग खाली माझं बीपी किती होतं?

लंबक
दहा मीटर खोल गेलात असं धरू. तिथे पाण्याचा दाब जवळपास आणखी एका वातावरणाचा, एकूण दीड हजार मिमीच्या वर. रक्तात प्रत्यक्ष दाब तेवढा आणि वर तुमचे १२०. बाहेर पाण्याचा तेवढाच. पट्टा बांधून मोजलं असतं तर १२० च्या आसपासच आलं असतं, भीतीचे काय ते वेगळे.

रक्त-मांस दबत नाही म्हणून त्यांना पत्ता लागत नाही. पण कानाच्या पडद्यामागे हवा असते आणि हवा दबते. पडदा आत ओढला जातो, ते दुखणं. नाक दाबून हलकी फुंकर मारली की घशातून कानात हवा जाते आणि दोन्हीकडे सारखं होतं. फुप्फुसांचंही तेच. तुम्ही तिथे नळीतून घेता ती हवा त्या खोलीच्या दाबाची असते. श्वास रोखून वर आलात तर ती फुगते. म्हणून गाइड बजावत असतो की वर येताना श्वास रोखायचा नाही.

वरणभात
तो बजावत होता. मी कान धरून बसलो होतो, ऐकू आलं नाही.

रात्रपाळी
सर्दी असताना गेला होतात का? सर्दीत ती घशाकडची वाट बंद असते. पुढच्या वेळी नाक मोकळं असेल तरच उतरा.